चुकीच्या भिंतीवरचा धूमकेतू

अहो फलक समितीचे साहेब, तुम्ही फलक चुकीच्या घरावर ठोकलात. चूक कुणाच्याही हातून होते, तेवढ्यासाठी कुणी तुम्हाला सुळावर चढवत नव्हतं. पण चूक समजल्यावर तुम्ही खुर्चीत मागे रेललात, चहा मागवलात आणि त्या चुकीलाच इतिहास म्हणून जाहीर केलंत. वर त्या इतिहासाच्या खिळ्याला एक जिवंत म्हातारा अडकवून ठेवलात. कंत्राटदाराकडे बोट दाखवू नका, नियमाच्या मागे लपू नका. हे तुम्ही केलंत. आता पहिल्यापासून ऐका. ऐकायची सवय नसेल तर हळूहळू ऐका.

गल्लीच्या मध्यावर एका शिंपिणीचं घर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये एक पडदा, तोही गिऱ्हाइकाने शिवायला टाकून परत न नेलेला. खिडकीपाशी मशीन आणि मशीनपाशी ती. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यामुळे तिचं बोलणं मोजकं असतं, पण जिथे लागायचं तिथे लागतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. तो घरी पाहुण्यासारखा येतो आणि जेवून पाहुण्यासारखाच झोपतो. घरात खरं राज्य सासऱ्यांचं.

सासरे जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते आणि गल्लीत त्यांना आजही कंडक्टर म्हणूनच ओळखतात. आवाज असा, की त्यांनी मागच्या खोलीत पाणी मागितलं की समोरच्या घरातली बाई पेला घेऊन उठायची. चालत्या बसमध्ये उभं राहून राहून त्यांचे पाय इतके झिजले, की शेवटी पायांनीच राजीनामा दिला. डॉक्टरांनी चाकांची खुर्ची सांगितली. खुर्ची आली, घडी करून आत आणली, उलगडली. कंडक्टर तिच्यात ऐटीत बसले, हातांनी चाकं फिरवत दारापर्यंत गेले, आणि दाराने त्यांना अडवलं.

शिंपिणीने गळ्यातली टेप काढली. चौकट मोजली, खुर्ची मोजली.

"बाबा, चार बोटं कमी पडतायत."

"का? शिवताना दारात माया सोडली नव्हती का कुणी?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. सुनेच्या मशीनशेजारी बसून बसून म्हाताऱ्याच्या तोंडी तो शब्द रुळला होता.

"कापड असतं तर आत्ता उसवून दिलं असतं," ती म्हणाली. "भिंतीला गवंडीच पाहिजे. आणि मागच्या बाजूला दुसऱ्याचं घर चिकटलंय, नाहीतर तिकडून दार पाडलं असतं."

तोवर मुलाने आणि शेजाऱ्याने मिळून त्यांना उचलून बाहेर नेण्याचा प्रयोग करून पाहिला. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघे धरले. एकदा कोपर चौकटीवर आपटलं, दुसऱ्यांदा डोकं. दुसऱ्या वेळी कंडक्टरांनी हात वर करून जाहीर केलं, "बास! मला आता पुन्हा उचलायचं ते एकदाच. तेव्हा मी बघायला नसेन, तुम्हाला काय आपटायचं ते आपटा!"

घर हसलं, पण म्हातारा शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून अंगाला कुणाला हात लावू दिला नाही.

आणि त्यांना जायचं तरी कुठे होतं? महाल बघायला नाही. गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे. त्याच्या बाकाशेजारी खुर्ची लावायची, येणारी-जाणारी बस बघायची, नव्या कंडक्टर पोरांच्या चुका काढायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. आयुष्यभर ज्याने लोकांना इकडून तिकडे पोचवलं, त्याला स्वतःला घरापासून थांब्यापर्यंत पोचायचं होतं. मागणी एवढीच.

गवंड्याशी बोलणं झालं. तो सोमवारी येणार होता. शनिवारी भोकवाला आला.

भोकवाला म्हणजे समितीच्या कंत्राटदाराचा माणूस. खांद्यावर शिडी, हातात भोकं पाडायचं मशीन आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेला फलक. तो आधी शेजारच्या बुटांच्या दुकानासमोर उभा राहिला, कारण कागदावर पत्ता त्या घराचा होता. पण त्या घराची दर्शनी भिंत बूटवाल्याने कधीच पाडली होती आणि खालपासून वरपर्यंत काच लावली होती. भोकवाल्याने काचेवर टकटक केलं. बूटवाला आतून धावत आला.

"काचेला भोक पाडायचा विचार असेल तर सांगून ठेवतो. माझ्याकडे सगळ्या मापाचे बूट आहेत, तुला बसेल तो काढीन!"

भोकवाल्याने वाद घातला नाही. त्याचा धंदा भोकाचा. जिथे भोक पडतं तिथे फलक लागतो, आणि संध्याकाळपर्यंत असे आणखी फलक त्याला लावायचे होते. तो चार पावलं बाजूला सरकला, शिंपिणीच्या भिंतीवर बोटाची गाठ वाजवून बघितली आणि खूश झाला. "भरीव आहे."

शिंपिणीने खिडकीतून डोकं काढलं. "काय हो, मीटर बदलताय का?"

"मीटर नाही बाई, इतिहास," तो म्हणाला. "खिडकी लावून घ्या, धूळ येईल."

धूळ आलीच. ती खाली बसल्यावर शिंपीण बाहेर गेली. भिंतीवर काळा दगड, दगडावर सोनेरी अक्षरं. आतून हाक आली, "काय लिहिलंय गं?"

तिने मोठ्याने वाचलं, "थोर खगोलशास्त्रज्ञ या वास्तूत राहत होते. येथील खिडकीतून त्यांनी आपला धूमकेतू प्रथम पाहिला."

आतून असं खदखदून हसू आलं, की खुर्ची हलली. "धूमकेतूवाले? अगं, ते शेजारी राहायचे! बुटांच्या जागी! माझ्या बापाचं आणि त्यांचं पाण्याच्या नळावरून भांडण होतं. आणि आपल्या खिडकीतून धूमकेतू? आपल्या खिडकीतून समोरच्यांच्या मोरीचा पाइप दिसतो! चंद्र बघायचा तर मान मोडावी लागते!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते हसणं रविवारभर पुरलं.

सोमवारी गवंडी आला. पिशवीतून हातोडा अर्धा बाहेर काढला, नजर फलकावर गेली, आणि हातोडा पुन्हा आत गेला.

"ताई, आता हे घर तुमचं राहिलं नाही."

"मग कुणाचं झालं?"

"लोकांचं. फलक लागला की वास्तू संरक्षित होते. दर्शनी बाजूचा खिळासुद्धा हलवायचा नाही. हलवला तर तुम्हाला दंड आणि माझा परवाना जप्त. मागे एकाचा गेलाय."

"अहो दादा, पण फलकच चुकीचा लागलाय!"

गवंड्याने फलकाची कड धरून जोरात ओढून बघितली. "चुकीचा असेल," तो म्हणाला, "पण लागलाय मात्र पक्का."

तेव्हा ती तुमच्याकडे आली, साहेब. आठवतंय? हातातलं काम टाकून आली, टेप गळ्यात तशीच. तुमच्या खोलीत चारी भिंतींवर फलकांची छायाचित्रं होती आणि तुम्ही त्यांच्या मधोमध स्वतःच फलक असल्यासारखे बसला होता.

"काचेवर फलक लावता येत नाही," तुम्ही तिला समजावलंत. "म्हणून नियमाप्रमाणे लगतच्या टिकाऊ भिंतीवर लावला."

"मग लिहायचं तसं, की शेजारी राहत होते म्हणून!"

"मजकूर आधीच मंजूर झाला होता."

"बरं, आता माझी चौकट मला रुंद करू द्या. सासऱ्यांची खुर्ची बाहेर निघत नाही."

"मजकुरात 'या वास्तूत' असं आहे. म्हणजे ही वास्तू संरक्षित."

"आणि ज्या घरात ते खरोखर राहत होते ते?"

"त्यावर फलक नाही," तुम्ही म्हणालात. एवढं बोलून तुम्ही असे प्रसन्न हसलात, जसं काही गणित सुटलं.

"मग फलक काढा!"

"फलक काढणं म्हणजे दर्शनी भागात बदल. त्याला परवानगी लागते."

"कुणाची?"

"आमची."

"मग द्या ना!"

"फलक चुकीचा असल्याशिवाय काढता येत नाही."

"अहो, चुकीचाच आहे!"

"बाई," तुम्ही अगदी मायेने म्हणालात, "चुकीचा असता तर समितीने लावला असता का?"

आंधळ्याच्या गाई राखणाऱ्या देवालासुद्धा या प्रश्नाला उत्तर सुचलं नसतं. ती उठली. जिन्यात तिला रडू आलं नाही, राग आला. रागाने माणूस सरळ चालतो. ती घरापर्यंत सरळ चालत आली आणि आल्या आल्या एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी जोडून बसली.

हळूहळू लोक येऊ लागले. शाळेच्या सहली, हातात हात घातलेली जोडपी, उन्हाची टोपी घातलेले अभ्यासू गृहस्थ. फलक वाचायचे आणि दारातून डोकावायचे. पहिल्या काही जणांना कंडक्टरांनी खरं सांगितलं, "इथे नाही, शेजारी." लोकांची तोंडं उतरायची. एकाने तर चिडून विचारलं, "तुम्हाला जास्त कळतं की फलकाला?" मग ते फलकासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढायचे आणि निघून जायचे.

कंडक्टरांनी विचार केला आणि गाडी बदलली. एके सकाळी शिंपिणीने मान वर करून बघितलं तर पुढची खोली माणसांनी भरलेली आणि मधोमध सासरे खुर्चीत.

"पुढे सरका, पुढे सरका! मागच्यांना आत येऊ द्या! दारात कुणी लोंबकळू नका! हां, तर जिथे हे मशीन आहे ना, तिथे त्यांची दुर्बीण होती. ताटातलं जेवण गार व्हायचं, पण माणूस आभाळातून खाली यायचा नाही. ती धूमकेतूची रात्र! खिडकी उघडी, वारा असा भणाणलेला..."

लोक मशीनकडे भक्तिभावाने बघत होते. मशीनवर कुणाची तरी अर्धवट पँट होती, तिच्याकडेही बघत होते.

गर्दी गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, चक्क खोटं?"

"मी फलक वाचून दाखवतोय. खोटं त्यांचं आहे, माझा फक्त आवाज."

"आणि वारा?"

"वारा माझा," त्यांनी कबूल केलं.

तिला हसू आलं. म्हाताऱ्याला दिवसभर माणसं मिळत होती, गाल वर आले होते. तिने स्वतःला समजावलं, चला, बाबांना बाहेर जाता येत नाही तर बाहेरचं जग आत येतंय. पण दुपारी गल्ली शांत झाली की थांब्यावरून बसची घंटी ऐकू यायची. एक वाजली की गाडी थांबते, लागोपाठ दोन वाजल्या की निघते. सासरे बोलता बोलता गप्प व्हायचे, मान तिकडे वळायची, आणि ते स्वतःशीच म्हणायचे, "सुटली." मग चाकं फिरवत दारापर्यंत जायचे, चौकटीला पुढचं चाक हलकेच टेकवायचे आणि परत फिरायचे. रोज. ते एवढंसं टेकवणं बघून तिच्या मनातली समजूत दर वेळी उसवायची.

अशाच एका दुपारी एक आजीबाई आल्या. हातात काठी, जाड भिंगाचा चष्मा, अंगावर साधे पण परीटघडीचे कपडे. त्यांनी दुर्बीण, गार जेवण, वारा, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाकीचे गेले तरी त्या बसून राहिल्या.

"छान सांगता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला माझे आजोबा इतके आवडले नव्हते."

कंडक्टरांचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. "तुम्ही... त्यांची नात?"

"सख्खी. आम्ही शेजारी राहायचो, जिथे आता बुटांची उतरंड लागलीये. आणि दुर्बीण गच्चीवर असायची. खिडकीतून आजोबांना फक्त घरमालक दिसायचा, आणि तो दिसला की ते पलंगाखाली जायचे."

म्हाताऱ्याने कान पकडले. "बाई, माफ करा. माणसं हिरमुसून जायची, म्हणून..."

"अहो, कान सोडा. आजोबा असते तर त्यांनी तुमच्याकडूनच चरित्र लिहून घेतलं असतं."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि फलक, चौकट, खुर्ची, सगळं एका दमात सांगितलं. नात काठी टेकून उठली. "चला. मी सांगते त्यांना. सख्ख्या नातीचं तरी ऐकतील."

ऐकलंत का, साहेब? तुम्ही तर आनंदाने उभे राहिलात! थोर माणसाची खरीखुरी नात! येत्या पुण्यतिथीला फलकासमोर मोठा समारंभ ठेवलाय, मोठे साहेब येणार आहेत, तुम्ही आलंच पाहिजे, असं सुरू केलंत.

"येईन हो," नात म्हणाली, "पण ते घर आमचं नव्हे."

"आजी, वय झालं की आठवण दगा देते."

"देते ना. म्हणून तर फलक लावायचे असतात. मग जरा नीट लावा!"

तुम्ही हसलात आणि विषय चहावर नेलात. मग शिंपिणीकडे वळून म्हणालात, "तुमच्याकडचे ते आजोबा फार रंगवून सांगतात असं ऐकलंय. समारंभात त्यांनीही दोन शब्द बोलावेत."

शिंपीण क्षणभर तुमच्याकडे बघत राहिली. कापडावर कात्री चालवण्याआधी बघते तशी.

"बोलतील की," ती म्हणाली. "पण बाहेर, फलकाखाली. आतून कुणाला ऐकू जाणार?"

"अर्थात बाहेर! मोठ्या साहेबांच्या शेजारी!"

जिना उतरताना नातीने तिचा दंड धरला. "तुमची खुर्ची बाहेर निघत नाही म्हणालात ना?"

"नाही निघत."

"मग?"

"ते साहेबांना अजून कळायचंय."

नात तिथेच जिन्यात काठीवर रेलून हसत सुटली.

समारंभाचा दिवस आला. सगळ्या गल्लीने पाठ केलेला फलक तुम्ही पुन्हा झाकलात, पुन्हा उघडता यावा म्हणून. त्याचा रेशमी पडदासुद्धा तुम्ही शिंपिणीकडूनच शिवून घेतलात. तिने तो मन लावून शिवला, कारण हातातलं काम वाईट करणं तिला जमत नाही. मंडपवाल्यांनी खुर्च्या मांडल्या, फोटोवाले जमले, गवंडी मागे हाताची घडी घालून उभा राहिला, बूटवाल्याने काच पुसली. मोठे साहेब आले तेच मनगटावरचं घड्याळ बघत. त्यांना पुढे आणखी एका फलकाचा पडदा ओढायचा होता.

"सुरुवात आजोबांपासून करू," तुम्ही म्हणालात. "बोलवा त्यांना."

कंडक्टर इस्त्रीच्या सदऱ्यात, भांग पाडून, चाकं फिरवत निघाले. ठक्क. खुर्ची चौकटीला अडली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा पुढे आणली. ठक्क.

"काय झालं?" तुम्ही विचारलंत.

"बस स्टँडातच अडकलीये," आतून उत्तर आलं. गल्ली हसली.

"उचला त्यांना!"

दोन मंडपवाले पुढे झाले. "हात लावून तर बघा!" असा आवाज आला, की समोरच्या खिडकीवरची कबुतरं उडाली. "मी काय धान्याचं पोतं आहे?"

"बरं, बरं, मग खिडकीतून बोला!"

"खिडकी धूमकेतूसाठी राखीव आहे!"

आता फोटोवालेसुद्धा हसायला लागले. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "काय हा गोंधळ? दार अडत असेल तर दार काढा की! सगळा दिवस इथेच घालवू का मी?"

"सर, ती वास्तू संरक्षि..."

"निघायचंय मला!"

आणि साहेब, तेव्हा तुम्ही काय केलंत? नियम आठवला? तुम्ही मंडपवाल्यांकडे वळून ओरडलात, "बघता काय? काढा ती चौकट!"

शिंपीण पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "साहेब, खिळासुद्धा हलवायचा नाही ना?"

"बाई, मध्ये बोलू नका!"

"परवाना कुणाचा जाणार ते आधी सांगा," मागून गवंडी.

"कुणाचाही नाही! मी सांगतोय! माझ्या शब्दावर काढा!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. बूटवाल्याने ऐकलं, नातीने ऐकलं. पहार आली. चौकट कुरकुरली, खिळे ओरडले, चुन्याचं एक ढेकूळ नेमकं तुमच्या चकचकीत बुटावर पडलं, आणि जुनं लाकूड भिंतीतून सुटून आलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं. शिंपिणीने टेप काढली नाही. तिला नजरेनेच कळलं.

चाकं भिंतीला घासत, खरखरत, म्हातारा बाहेर आला. ऊन डोळ्यांवर आलं तसा त्याने हात आडवा धरला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कोणत्याही धूमकेतूसाठी नव्हत्या.

ध्वनिक्षेपक तोंडाशी आणला. कंडक्टरांनी तो बाजूला सारला, त्यांना कधी लागला नव्हता. "मंडळी, ज्या थोर माणसासाठी आपण जमलोय, तो माणूस या घरात एक दिवसही राहिला नाही. तो शेजारी राहत होता, बुटांच्या जागी. त्याची नात इथे बसलीये, विचारा. मी इतके दिवस तुम्हाला थापा मारल्या, कारण फलकाने मारल्या होत्या. आता मी बाहेर आलोय, त्यामुळे थापांचं काम संपलं. फलक तेवढा चार पावलं सरकवा. पुढे सरका म्हटलं की माणसं सरकतात, दगडाला काय झालंय?"

मोठे साहेब फोटोवाल्यांकडे बघून हसत होते. भाषण थांबलंय एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते वाजवतात म्हणून तुम्ही वाजवल्यात. "वा! किती साधेपणाने बोलले!" असं म्हणत मोठ्या साहेबांनी दोरी ओढली. पडदा सुळकन सरकला, आणि त्याच भिंतीवर तीच सोनेरी थाप पुन्हा एकदा झळकली. नातीला इतकं हसू आलं, की चष्मा काढून पुसावा लागला.

"सूनबाई," कंडक्टर म्हणाले, "डबल बेल!"

शिंपिणीने खुर्ची ढकलली. मागे समारंभ चालूच होता. गल्ली मागे पडली, थांबा आला. बाकावरच्या दोन बायकांनी सरकून जागा करून दिली. बस आली, थांबली. दारातला कंडक्टर मिसरूडही नीट न फुटलेला. माणसं चढली. त्याने एकच घंटी मारली.

"अरे ए! एकीने गाडी थांबते! थांबलेलीच आहे ती! दुसरी काय तुझा बाप मारणार?"

पोराने दचकून वळून बघितलं. "आजोबा, तुम्ही या वर, तुम्ही मारा!"

"खाली बसून शिकवतो तेवढं शीक आधी!"

दुसरी घंटी वाजली. बस निघाली. म्हातारा तिच्याकडे कोपऱ्याआड जाईपर्यंत बघत राहिला, आणि मग पुढच्या बसच्या दिशेने मान वळवली. शिंपीण मागे उभी होती. पुढे कितीतरी बस आल्या, गेल्या. तिला घरी काम होतं, गिऱ्हाईक खोळंबलं असणार होतं. ती उभीच राहिली.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा तुमची माणसं चौकट हातात घेऊन दारात उभी होती, तुम्हीही होता.

"आता बसवून टाकू पूर्वीसारखी," तुम्ही म्हणालात.

"बसवा ना. बाबा थांब्यावर आहेत. त्यांना समजावून घेऊन या, आत घाला, आणि मग बसवा."

तुम्ही थांब्याच्या दिशेने दहा पावलं गेलात. तिथून कुणाला तरी पुढे सरकायला सांगणारा आवाज आला. तुम्ही परत फिरलात, "बघून घेऊ" म्हणालात आणि गाडीत बसलात. रविवारी नवरा आला. त्याने चौकटीच्या जागी रुंद फळ्यांचं दार टेकवून दिलं, रात्री लावायचं आणि सकाळी काढायचं. तेव्हापासून कंडक्टर रोज चहा झाला की निघतात आणि दिवे लागले की येतात. नव्या पोरांनी त्यांच्या धाकाने गाडी सोडताना न चुकता दोनदा घंटी मारायला सुरुवात केली आहे.

आणि आता तुमची नोटीस आली आहे. फलकाच्या बरोबर खाली डकवली आहे. संरक्षित वास्तूच्या दर्शनी भागात घरमालकाने अनधिकृत बदल केला आहे, तरी चौकट तात्काळ पूर्ववत बसवावी, अन्यथा कारवाई होईल. घरमालकाने! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कंडक्टरांनी ती सगळ्या गल्लीला वाचून दाखवली, प्रत्येक वाक्याला थांबा घेत. गल्ली हसली. पण शिंपीण हसली नाही. तिला ठाऊक आहे, की तुमची कारवाई विनोद समजून थांबत नाही.

तर साहेब, चौकट भिंतीला टेकवून ठेवली आहे. खिळे डब्यात आहेत. गवंड्याला हाक मारली की येईल. शिंपिणीला फक्त एवढंच विचारायचं आहे: ती चौकट बसवायची, ती म्हाताऱ्याला आत ठेवून की बाहेर ठेवून? आत ठेवायचं असेल तर कोणत्या गुन्ह्यासाठी, तेही कळवा. लेखी कळवा, खाली स्वतःची सही करा. तोंडी शब्दावर चौकट निघाली, पण तोंडी शब्दावर बसणार नाही.

आत की बाहेर? उत्तर द्या.